साडेपाच तास

नजूल कचेरीत एकोणतीस वर्षं मी नकाशे काढले,
त्यामुळे डिस्कची वाटणी करताना हात थरथरला नाही.
जुन्या सिस्टीमला एकशे ऐंशी, नवीला साठ,
उरलेली पट्टी सामाईक, विहिरीसारखी.
‘हा बदल मागे घेता येणार नाही’, पडद्यानं बजावलं.
मनात म्हटलं, बाबा रे,
सख्ख्या भावांच्या मधून रेघ ओढलीय मी,
दोघेही बांधावर उभे असताना.

अडचणी निघाल्या त्या वेगळ्याच.
पहिल्या रात्री पेनड्राइव्ह ओळखच देईना.
एफ-बारा दाबायचं, पण नेमकं कधी?
कंपनीचं चिन्ह दिसलं म्हणेपर्यंत गेलेलं असायचं.
शेवटी बटण सुरू करायच्या आधीच बोट ठेवलं
आणि दार ठोठावावं तशी टकटक करत राहिले,
तेव्हा कुठे ती निळी यादी उघडली.
‘सिक्युअर बूट’ बंद करायचं होतं.
सुरक्षित या शब्दापुढची खूण पुसताना जरा थांबले.
मग पुसली.

दुसऱ्या रात्री काळा पडदा.
त्यावर दोनच शब्द, ग्रब रेस्क्यू,
आणि पुढे एक लुकलुकणारी रेघ.
काही सांगत नव्हती, नुसती वाट बघत होती.
मीही बघितली.
लोकमान्य नगरात कुत्रीसुद्धा झोपली
तरी समोरासमोर बसलो आम्ही दोघी.

तिसऱ्या दिवशी लागलं सगळं.
आता चालू केलं की आधी विचारतं, कुठे जायचं?
दहा सेकंद देतं.
दहा सेकंद पुष्कळ असतात.

पण घड्याळ!
नव्या बाजूला बरोबर,
जुन्या बाजूला परतलं की मागे पडलेलं.
सकाळी सातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरायची
आणि पडद्याच्या कोपऱ्यात रात्रीचा दीड.
जेल रोडचा हेमनानी म्हणाला, “सेल गया होगा, आंटी.”
चाळीस रुपयांचा, नाण्याएवढा सेल बदलला.
तरी तेच.
पाच नाही, सहा नाही,
साडेपाच.

चहा गाळता गाळता बोटांवर मोजलं
आणि गाळणं तसंच हातात राहिलं.
जानेवारी चालू आहे.
ही तर लीड्सची वेळ.

संगणक ऋजुताचाच. जाताना म्हणाली होती,
भंगारात देऊ नकोस, दुसरी सिस्टीम टाक, दहा वर्षं चालेल.
कारण मग वाचून काढलं:
नवी सिस्टीम आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवते,
जुनी तीच वाचते, इथली समजून.
दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नाही.

उपाय एका ओळीचा होता.
कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला,
आणि केला नाही.
तीन आठवडे रोज दुपारी दोनला जुन्या बाजूला जायचे.
साडेआठ. म्हणजे बसच्या थांब्यावर.
संध्याकाळी साडेसहाला, एक. डबा उघडला असेल,
किंवा नसेल, ते ब्रेडचंच काहीतरी.
एवढ्यासाठी फोन कोण करतं?

मग एकदा रात्री बारा दहाला वीजबिल भरलं.
कोपऱ्यात तारीख अजून सोळा होती, शेवटची.
पावतीवर आली सतरा.
एकवीस रुपये अधिभार.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उलटं केलं,
ती ओळ टाइप केली, एंटर दाबलं.
आता कुठूनही आत जा, वेळ इंदूरचीच.
ऋजुताला यातलं काही सांगितलं नाही.

मार्चअखेर तिकडे घड्याळं तासभर पुढे घेतात.
तसंही ते
जुळलं नसतंच.